ठिपके मारलेला हत्ती

पुंडलिकअण्णांच्या नजरेला सरळ वस्तू दिसतच नाही, वाकडी तेवढी दिसते. लग्नाच्या मांडवात सगळे नवरीकडे बघत असतात तेव्हा अण्णा मांडवाच्या खांबाकडे बघत असतात, आणि तो कुठल्या अंगाला किती झुकलाय हे शेजारच्याला सांगतात, मग त्याने विचारलेलं असो वा नसो. घरातलं कॅलेंडर, समोरच्यांच्या दारावरचं तोरण, देवळातली चपलांची रांग, काही म्हणता काही त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. जनाबाईंनी अशा माणसाबरोबर छत्तीस वर्षं संसार केला, आणि पोळ्या गोलच लाटल्या.

अण्णांचा तसा इलाज नव्हता. तारिहाळच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, मार्किंगचं. लोखंडाचा तुकडा कुठे कापायचा, भोक कुठे पाडायचं, हे कुणीतरी आधी आखून द्यावं लागतं. ते आखून देणारे अण्णा. तुकड्यावर निळा रंग फासायचा, वाळला की पोलादी सुईने त्यावर रेघ ओढायची. निळ्याच्या खालून लोखंड लखकन वर येतं. रेघ एकदाच ओढायची, कारण ती खोडता येत नाही. मग मोजून बघायची, आणि बरोबर भरली तरच तिच्यावर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, बारीक बारीक ठिपके ठोकायचे. पुढे रंग पुसला गेला तरी ठिपके राहतात. ठिपके पडले म्हणजे रेघ पास झाली, आणि मशीनवाला मग डोळे झाकून त्यावरून कापतो. चौतीस वर्षांत अण्णांच्या रेघेमुळे एकही तुकडा भंगारात गेला नव्हता. हे ते स्वतः सांगत, आणि पुष्कळदा सांगत.

गेल्या वर्षी ते रिटायर झाले. कंपनीने शाल दिली आणि सोबतच्या कामगारांनी प्रेमाने एक डबा दिला, त्यात निळ्या रंगाची बाटली, पोलादी सुई आणि पंच. अण्णांनी तो डबा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला, आणि मग दिवसभर काय करायचं हे त्यांना कळेना.

मे महिन्यात बेंगळूरूहून नात आली. श्रीलक्ष्मी, वय वर्षं आठ, घरात सगळे तिला श्री म्हणतात. मागची दोन वर्षं ती अशीच सुट्टीला आली होती आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडून तिने बापाला परत बोलावून घेतलं होतं. आजीशी तिचं जमे. अज्जाशी, म्हणजे आजोबांशी, मात्र ‘हो’ आणि ‘नाही’ याच्यापुढे गाडी जात नसे. तिचा बाप मयूर, म्हणजे अण्णांचा एकुलता एक मुलगा, त्याचंही फोनवर तसंच. ‘अप्पा, बरे आहात ना? आईकडे द्या.’ भांडण नव्हतं, तंटा नव्हता, पण बोलणं एवढ्यावर संपायचं. या वर्षी मयूरने मुलीला तीन आठवड्यांसाठी सोडलं, आणि अण्णांनी मनाशी ठरवलं की ही पोर या खेपेला रडत जाता कामा नये. मुलगा हातचा गेला तो गेला, नात तरी आपली व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जनाबाईंना ते न सांगता कळलं होतं.

श्रीने येताना एक काळ्या पानांचं पुस्तक आणलं होतं. पान सगळं काळंकुट्ट, पण काडीने ओरखडलं की खालून लाल, पिवळे, हिरवे रंग निघायचे. दोन दिवसांत पानं संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीने बॅग पलंगाखालून ओढून बाहेर काढून ठेवली. आणि नुसती तिच्यावर बसून राहिली.

अण्णांनी ते संपलेलं पुस्तक उचललं, चष्मा लावून एक पान उजेडात धरलं, नखाने कोपरा खरवडला.

“हे तर आमचं मार्किंग की,” ते म्हणाले. “घरातच करूया हे. चल, ऊठ.”

नातीला स्कूटरवर घालून ते कोप्पीकर रोडच्या बाजारात गेले. तिथे दुकानदाराला तीन तऱ्हेचे मेणाचे खडू काढायला लावून, प्रत्येक कांडी सरळ आहे की नाही ते बघून, एक पेटी घेतली. जाड कागदाचा प्रश्न जनाबाईंनी सोडवला. लग्नपत्रिकांवर गणपती छापलेला असतो म्हणून त्या कचऱ्यात टाकवत नाहीत, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा साचलेला असतो. जनाबाईंनी आपला गठ्ठा काढून दिला, फक्त अट घातली की गणपती आधी कापून त्यांच्या हवाली करायचा. त्या दुपारी श्रीने अकरा गणपती कापले आणि पत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर खडू घासघासून रंगांचे पट्टे ओढले.

आता वरचा काळा थर. इथे अण्णांची हुशारी आडवी आली. फळीवरची कारखान्याची बाटली त्यांनी मोठ्या थाटात खाली काढली, तिच्यात काजळी कालवली आणि ब्रशने एका पत्रिकेवर फासली. लोखंडावर हा रंग झकास बसतो. पण त्यात स्पिरिट असतं, आणि स्पिरिटने खालचं मेण विरघळून लाल, पिवळा, हिरवा सगळा एक चिखल झाला. अण्णांनी आणखी दोन पत्रिका तशाच वाया घालवल्या, कारण पहिल्या वेळी आपला हात चुकला असेल अशी त्यांची समजूत होती. मग चित्रकलेचा साधा काळा रंग आणून लावला, तर तो मेणावर ठरेना, थेंब थेंब होऊन घरंगळायचा. श्री बघत होती, आणि तिची नजर अधूनमधून बॅगेकडे जात होती.

जनाबाई भांडी घासत होत्या. त्यांनी आतूनच विचारलं की तेलकट ताटावर नुसतं पाणी टाकून कधी पसरतं काय. भांड्यांच्या साबणाचे चार थेंब त्यांनी वाटीत टाकून दिले, आणि काळा रंग मेणावर मुकाट पसरला. पंख्याखाली तासाभरात तो वाळला. श्रीने खराट्याची काडी घेऊन त्यावर पहिली रेघ ओढली, तांबडी निघाली आणि पुढे जाऊन पिवळी झाली. पोर हसली. अण्णांनी मान फिरवून भिंतीकडे बघितलं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते दाखवायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं आली. शेजारची गिरिजा आली, तिच्यामागून आणखी दहा. प्रत्येकाने आपापल्या घरचा पत्रिकांचा गठ्ठा आणला. कन्नडात बोलणारी, मराठीत बोलणारी, दोन्हींची खिचडी करणारी, सगळी मिळून पुढच्या कट्ट्यावर उकिडवी बसली आणि खरडू लागली. अण्णांनी त्यांना कारखान्यातल्या ठिपक्यांची गोष्ट सांगितली. पोरांना ती फारच आवडली. कागदावर पंच कसा चालणार, म्हणून अण्णांनी एक बारीक दाभण घेतली. पास झालेल्या रेघेवर ते दाभणीने ठिपके देणार होते. झालं, जो तो चित्र घेऊन त्यांच्यापुढे उभा राहू लागला.

आणि अण्णांनी पट्टी काढली.

वाईट हेतूने नव्हे. चौतीस वर्षं ज्या हाताने फुकट ठिपका दिला नाही तो हात एकाएकी कसा देईल? ते घराच्या चित्रावर गुण्या ठेवायचे आणि भिंत किती कलली ते सांगायचे. सूर्य वाटोळा नाही, हे कंपास लावून सिद्ध करायचे. पहिल्या दिवशी अकरांतल्या एकाला ठिपके मिळाले, दुसऱ्या दिवशी कुणालाच नाही. पोरांचं वाया जाऊ नये म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी नामी युक्ती काढली. पहाटे उठून, प्रत्येक काळ्या पत्रिकेवर मधोमध रेघ आखून, पांढऱ्या पेन्सिलीने त्यांनी एक मोर काढून ठेवला. पोरांनी फक्त त्यावरून काडी फिरवायची. सगळे मोर एका मापाचे, सगळ्यांची चोच डावीकडे. अण्णांना स्वतःलाच ते इतके आवडले की त्यांनी जनाबाईंना बाहेर बोलावून ते दाखवले. जनाबाईंनी मोर बघितले, मग पोरांची तोंडं बघितली, आणि आत गेल्या.

चौथ्या दिवशी आठ पोरं आली, पाचव्या दिवशी पाच. गुरुवारी कट्ट्यावर फक्त गिरिजा आणि श्री होत्या. बाकीची पोरं समोर रस्त्यावर खडूने काहीतरी वेडंवाकडं काढत होती आणि दंगा करत होती. अण्णांनी गिरिजाला विचारलं की बाकीचे का येत नाहीत.

“अज्जा, एल्ला नीवऽ माडीरी,” गिरिजा म्हणाली. “नावेन माडूदु?”

सगळं तुम्हीच केलंत, आम्ही काय करायचं. तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. गिरिजा काडी ठेवून रस्त्यावर पळाली.

त्याच दुपारी अण्णा मागल्या दारी नळावर हात धूत होते. श्री आजीचा फोन घेऊन तुळशीपाशी बसली होती. तिला वाटलं कुणी ऐकत नाही.

“पप्पा, मला घेऊन जा,” ती म्हणत होती. “हितं पण शाळाच आहे. अज्जा सगळं चेक करतात.” पलीकडून मयूर बराच वेळ काहीतरी सांगत असावा. मग श्रीने विचारलं, “हत्ती? कुठला हत्ती?” आणि पुन्हा ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “रविवारी नक्की ये.”

अण्णांनी नळ बंद केला. ओले हात तसेच घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि जनाबाईंना विचारलं की हत्तीचं काय आहे.

जनाबाई ज्वारी पाखडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. मयूर चौथीत होता, त्या म्हणाल्या. मोठ्या कागदावर त्याने हत्ती काढला होता, अंगावर झूल, झुलीला आरसे. दुपारपासून तो कागद घेऊन पायरीवर तुमची वाट बघत बसला होता, जेवायलाही उठला नाही. तुम्ही सायकलवरून उतरला नाहीत तोच म्हणाला, अप्पा, ठिपके मारा. तुम्ही खिशातली पट्टी काढून लावलीत आणि म्हणालात, मागचा पाय अर्धा इंच आखूड, रिजेक्ट. त्याने कागदाची घडी घातली आणि बंबात टाकली. त्यानंतर या घरात त्याने कधी चित्र काढलं नाही.

“मी चेष्टा केली असेन,” अण्णा म्हणाले.

“होय की. तुमी हसत होता,” जनाबाई म्हणाल्या. “त्यो हसत नव्हता.” मग सूप पुन्हा हातात घेत म्हणाल्या, “कारखाना सुटला, पर तुमचं चेकिंग काय सुटंना झालंय.”

अण्णांना यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या तुकड्यावर किती मापाचं भोक होतं हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील, आणि हा हत्ती त्यांना आठवेना. पायरीवर बसलेला पोरगा आठवेना. याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. चौतीस वर्षांत एकही तुकडा भंगारात घातला नाही, असं ते गावभर सांगत आले होते. त्या संध्याकाळी त्यांनी कॅलेंडरकडेसुद्धा बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पट्टी, गुण्या आणि कंपास ट्रंकेत घातले, ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली जनाबाईंकडे दिली. जनाबाईंनी ती कमरेला खोचली. अण्णा कट्ट्यावर येऊन बसले आणि एक काळी पत्रिका स्वतःपुढे घेतली. हातात काडी घेतली, पण ती खाली टेकेना. मधली रेघ आखल्याशिवाय सुरुवात कुठून करतात, हे त्या माणसाला साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. श्री उंबऱ्यावर बसली होती. तिची बॅग भरून झाली होती.

“श्री, काय काढू?” अण्णांनी विचारलं.

श्रीने संशयाने त्यांच्याकडे बघितलं. पट्टी कुठे दिसते का ते बघितलं. मग म्हणाली, “कुत्रा.”

अण्णांनी कुत्रा काढायला घेतला. डोकं आधी झालं, ते फार मोठं झालं, त्यामुळे पोटाला जागा उरली नाही. पाय कसेबसे बसले. शेपूट वळवायला गेले तर ते कानाला जाऊन टेकलं. घाम पुसत ते काडी ओढत होते, आणि पहिल्यांदाच आपण कुठे चाललोय हे त्यांना माहीत नव्हतं. गिरिजा रस्त्यावरून बघत होती. ती जवळ आली, कुत्रा बघून खिदळली आणि तिने बाकीच्यांना हाका मारल्या. अख्खी फौज कट्ट्यावर चढली. हा कुत्रा आहे की म्हैस यावर दोन्ही भाषांत वाद झाला. अण्णा मुकाट ऐकून घेत होते, आणि नवल म्हणजे त्यांना मजा येत होती.

श्रीने पत्रिका उचलली. अज्जासारखाच एक डोळा मिटून तिने ती लांब धरली, जवळ धरली, उलटी करून बघितली. मग हात पुढे करून दाभण मागितली. कुत्र्याच्या कानापासून शेपटीपर्यंत तिने एक एक ठिपका टोचत नेला.

“पास,” ती म्हणाली. “पण अज्जा, तू अजून प्रॅक्टिस कर.”

इतके दिवस ती त्यांना अहोजाहो करत होती. कंपनीने शाल पांघरली तेव्हा अण्णांना इतका आनंद झाला नव्हता, खरं सांगायचं तर निम्माही नाही.

शनिवारी कट्ट्यावर जागा पुरेना. सात पायांचा घोडा आला, घरापेक्षा उंच कोंबडी आली. एकीने नुसत्या रेघा मारमारून पान भरलं आणि पाऊस म्हणून सांगितलं. अण्णा सकाळी काळा रंग कालवायचे, पत्रिका वाळवायचे, खराट्याच्या काड्यांना टोकं करून द्यायचे आणि जे येईल त्यावर, काढणाऱ्याला विचारून, ठिपके मारायचे. बोटं अधूनमधून पट्टीसाठी खिशाकडे जायची, तिथे घुटमळून परत यायची. सवय एका दिवसात जात नाही, पण दिवस बरा चालला होता.

रविवारी सकाळच्या गाडीने मयूर आला. मुलगी दारात बॅग घेऊन उभी असेल, अशी त्याची अपेक्षा होती. दुपारच्या गाडीची परतीची दोन तिकिटंही काढलेली होती. श्री कट्ट्यावर पोरांच्या घोळक्यात पालथी पडून खरडत होती आणि तिच्या कोपरापर्यंत काळं लागलं होतं. तिने मान वर करून सांगितलं की ती काही येत नाही, पुढच्या रविवारी बघू. मयूर बुचकळ्यात पडला. त्याने आईकडे बघितलं. जनाबाई चहा टाकायला आत गेल्या.

“पप्पा, बस,” श्रीने हुकूम सोडला आणि त्याच्यापुढे एक काळी पत्रिका सरकवली.

मयूर पायरीवर बसला. पत्रिका त्याने गुडघ्यावर घेतली, काडी दोन बोटांत फिरवली. एकदा चोरून बापाकडे बघितलं. अण्णा पलीकडे एका पोराच्या काडीला टोक करत होते, त्यांनी मान वर केली नाही. मयूर काढू लागला. आधी पाठ, मग सोंड, मग झूल, झुलीला आरसे. सोंड जांभळी निघाली, झूल केशरी. पोरांनी गलका केला की आने, आने. अण्णांना मान वर न करताही कळलं की हत्ती आहे.

चित्र पुरं झालं. मयूरने ते कुणाला दाखवलं नाही, पायरीवर बाजूला ठेवून दिलं आणि चहाचा कप उचलला. अण्णा उठले, येऊन मुलाशेजारी पायरीवर बसले. चष्मा लावला. हत्ती उजेडात धरला आणि एक डोळा मिटला.

मागचा पाय आखूड होता. अर्धा इंच, पट्टी नसली तरी अण्णांना दिसणारच. त्यांचा हात खिशाकडे गेला. मयूरने तो हात खिशाकडे जाताना बघितला आणि कप खाली ठेवला.

खिशातून दाभण निघाली. अण्णांनी पत्रिका मांडीवर घेतली आणि सोंडेच्या टोकावर पहिला ठिपका मारला. मग दुसरा. रेघ जाईल तसे, कुठे सोंड थरथरली होती तिथे थरथरत, कुठे पाठ बसकी झाली होती तिथे बसके, ते ठिपके मारत गेले. तारिहाळच्या कारखान्यात ठोकायचे तसे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर.

“अप्पा,” मयूर हळूच म्हणाला, “मागचा पाय आखूड झालाय.”

“दिसतंय मला,” अण्णा म्हणाले. “तुझा हत्ती आहे, तो तसाच असणार.” त्यांनी पुढचा ठिपका मारला आणि म्हणाले, “पंचवीस वर्षं उशीर झाला बघ मला.”

बापाच्या हाताखाली पत्रिका हलू नये म्हणून मयूरने तिचा एक कोपरा बोटाने दाबून धरला. दुपारच्या गाडीची वेळ होत आली तेव्हा जनाबाईंनी आतून आठवण केली, पण पायरीवरून कुणी उठलं नाही. हत्ती मोठा होता, आणि अण्णा अजून झुलीपर्यंतच आले होते.